गाडीवरचे बॅज काढायचे आणि नवीन लावायचे कसे, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गाडीच्या मागचा कंपनीचा लोगो, मॉडेलचं नाव, व्हेरिएंटचा तो छोटा बॅज, यातलं काहीही काढायचं म्हटलं की नवीन माणसाचा हात पहिला जातो स्क्रूड्रायव्हरकडे आणि पेंटची वाट तिथेच लागते. बॅज बहुतेक वेळा पत्र्यावर नुसता चिकटवलेला असतो, मधे साधारण १ मिलिमीटर जाडीची फोमची डबल साइडेड टेप असते, आणि आपलं सगळं काम त्या १ मिलिमीटरमध्येच आहे. बॅज उचकटायचा नाही, त्याच्या मागचा फोम गरम करून दोऱ्याने कापायचा. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं कोणालाही जमतं.

मी हे शिकलो कारण आमच्या गाडीची डिकी एकदा पेंट होऊन आली तेव्हा मॉडेलच्या नावातलं शेवटचं अक्षर खाली कललेलं होतं. दोन मिलिमीटरचा फरक असेल, पण एकदा दिसला की रोज दिसतो. शेवटी स्वतःच सगळी अक्षरं काढून परत लावली, आणि त्यानंतर घरातल्या आणि मित्रांच्या गाड्यांवर बऱ्याचदा केलंय. त्यामुळे खाली जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे.

आधी बघा, बॅज बसवलाय कशाने

हे बघितल्याशिवाय हात लावू नका. तीन प्रकार असतात.

पहिला म्हणजे फक्त टेपवाला. मागची अक्षरं, व्हेरिएंटचे बॅज, फेंडरवरचे छोटे बॅज हे जास्त करून यातलेच. हा सगळ्यात सोपा.

दुसरा म्हणजे टेप आणि पिना. बॅजच्या मागे दोन-तीन प्लास्टिकच्या छोट्या पिना असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकात बसतात, म्हणजे फॅक्टरीत बॅज दर वेळी बरोबर जागी बसावा म्हणून. बॉनेटवरचे आणि डिकीवरचे मोठे लोगो असे असू शकतात. इथे बॅज काढून जागा कोरी ठेवायचा विचार असेल तर आधीच थांबा, कारण खाली भोकं निघतील, त्यातून पाणी आत जाईल आणि कडेने गंज धरेल. भोकं बुजवून पेंट करायची तयारी असेल किंवा त्याच पिनांचा नवीन बॅज हातात असेल तरच काढा. पिना आहेत की नाहीत हे कळायला डिकीच्या आतलं प्लास्टिक किंवा कापडी कव्हर थोडं सैल करून मागून बघता येतं, नाहीतर त्याच बॅजचा सुटा पार्ट ऑनलाइन शोधा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो बघा, लगेच कळतं.

तिसरा म्हणजे पुढच्या ग्रिलवरचा, तो बहुतेक क्लिपा किंवा स्क्रूने मागून अडकवलेला असतो. तिथे दोरा आणि हीट काही कामाची नाही, बंपर किंवा ग्रिल सोडवून मागूनच काढावा लागतो.

आणि हे जरा नीट वाचा. ज्या गाड्यांना अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय) किंवा आपोआप ब्रेक लागायची सोय आहे त्यातल्या काहींमध्ये रडार पुढच्या लोगोच्या मागेच असतं. तो लोगो वरून क्रोमचा दिसतो पण रडारच्या लहरी आरपार जातील अशा खास प्लास्टिकचा बनवलेला असतो. त्याच्या जागी साधा बाजारातला लोगो बसवला, त्याला काळा रंग मारला किंवा वरून स्टिकर चिकटवला तर रडारला नीट दिसत नाही, मग कधी डॅशबोर्डवर एरर येते आणि कधी येतही नाही. न येणारी जास्त वाईट, कारण ब्रेक लागायच्या वेळी भरवसा त्याच्यावर असतो. अशा गाडीचा पुढचा लोगो बदलायचा तर कंपनीचा त्याच मॉडेलचा ओरिजिनल पार्टच लावायचा, यात मी तरी तडजोड करणार नाही. तसंच काही गाड्यांचा मागचा लोगो म्हणजे डिकी उघडायचं हँडल असतं, काहींमध्ये कॅमेरा असतो, काहींमध्ये लाइट, म्हणजे मागे वायर किंवा मोटर आहे. ते ओढून काढायचे बॅजच नाहीत.

शेवटचा प्रश्न, तो पॅनल कधी रिपेंट झालाय का? कंपनीचा पेंट फॅक्टरीत भट्टीत भाजलेला असतो म्हणून चिवट असतो, बाहेर मारलेला पेंट तेवढा असेलच असं नाही आणि टेपबरोबर पापुद्रा निघून येऊ शकतो. नुकताच पेंट झाला असेल तर निदान महिनाभर थांबा. जुना रिपेंट असेल तर उष्णता कमी आणि वेळ जास्त.

सामान

हेअर ड्रायर. हीट गन नको, निदान पहिल्या वेळी तरी नको, कारण तिची हवा ३०० अंशांच्या वर सहज जाते आणि आपल्याला लागतात ५०-६० अंश. डेंटल फ्लॉस किंवा मासेमारीची तंगूस, मला तंगूस जास्त आवडते कारण फ्लॉस मोठ्या लोगोच्या मागे सारखा तुटतो. मास्किंग टेप, साध्या खोक्याची चिकटपट्टी नको. दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं. गोंद काढायला टार रिमूव्हर किंवा गाडीच्या पेंटला चालणारा अ‍ॅडेसिव्ह रिमूव्हर, नसेल तर डब्ल्यूडी-४० चालतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल. थोडं पॉलिश. आणि नवीन बॅज, किंवा जुनाच परत लावणार असाल तर अ‍ॅक्रिलिक फोमची चांगली डबल साइडेड टेप, थ्रीएमची व्हीएचबी किंवा त्या तोडीची.

काय नको ते पण सांगतो: पेंटचा थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लेड, लोखंडी पट्टी. थिनर आणि अ‍ॅसिटोन क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मऊ करतात, आणि रिपेंट केलेल्या पॅनलवर तर रंग कापडाला लागून येतो. बऱ्याच गाड्यांवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे वहीचं एखादं पान. तेवढ्यासाठी ब्लेड घेऊन बसायचं नाही.

आधी गाडी धुवा, मग मोजा, मग काढा

बॅजच्या भोवती आणि अक्षरांच्या खाचांमध्ये बारीक धूळ बसलेली असते. दोरा मागेपुढे करताना तीच धूळ पेंटवर घासली जाते आणि बारीक चरे पडतात, मग लोक म्हणतात दोऱ्याने चरे पडले. दोऱ्याने नाही, धुळीने. म्हणून शॅम्पूने धुऊन, मऊ ब्रशने कडा साफ करून, पूर्ण कोरडं करून मगच सुरुवात.

आता मोजमाप. इथे नवीन माणूस हमखास घाई करतो आणि मग नवीन बॅज हातात घेऊन नुसता बघत बसतो की नक्की कुठे होता. आधी समोरून सरळ फोटो काढा. मग बॅजच्या खालच्या कडेला अगदी लागून मास्किंग टेपची आडवी पट्टी लावा, डाव्या आणि उजव्या कडेला उभ्या पट्ट्या. प्रत्येक अक्षर सुटं असेल तर आडव्या पट्टीवर पेन्सिलने प्रत्येक अक्षराची सुरुवात आणि शेवट खूण करून ठेवा. शिवाय डिकीच्या कडेपासून, दिव्याच्या कडेपासून अंतर मोजून लिहा, कारण गोंद साफ करताना टेपच्या पट्ट्या उखडणारच आहेत. मी वर एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून मार्करने बॅजची आउटलाइन आणि पॅनलची जवळची कड दोन्ही ट्रेस करून घेतो, नंतर तोच कागद कडेला जुळवला की जागा बरोबर सापडते.

गरम करणं

ड्रायर १०-१५ सेंटिमीटर लांब धरा आणि सतत हलवत ठेवा, एका जागी थांबू नका. दोन-तीन मिनिटं. गरम किती झालं हे हाताने बघायचं, बाजूच्या पेंटवर बोटं ठेवली तर ठेवता यावीत पण फार वेळ ठेवावीशी वाटू नयेत, तेवढं पुरे. बंपर प्लास्टिकचा असतो, तो पत्र्यापेक्षा लवकर मऊ पडतो म्हणून तिथे अजून हळू. ड्रायरसाठी वीज जवळ नसेल तर गरम पाण्यात भिजवलेलं कापड बॅजवर दोन-तीन वेळा दाबून धरा, उकळतं पाणी नको. आणि गाडी थंडगार असताना हे काम करू नका, गार फोम कडक असतो आणि गार प्लास्टिक पटकन तुटतं.

दोरा घालून कापणं

साधारण हातभर तंगूस घ्या, दोन्ही टोकं लाकडाच्या छोट्या काड्यांना किंवा जुन्या पेनांना गुंडाळा, कारण नुसती बोटाला गुंडाळली तर ती बोट कापते, विशेषतः पाच मिनिटं ओढल्यावर. बॅजच्या वरच्या कोपऱ्यातून मागे घाला आणि करवतीसारखी मागेपुढे करत खाली आणा. जोर खाली नाही लावायचा, मागेपुढे लावायचा. दोरा पेंटच्या बाजूने ठेवायचा मोह होतो की गोंद कमी राहील, पण तो बॅजच्या पाठीला लागून ठेवा, म्हणजे फोमचा बराचसा थर पत्र्यावर राहील आणि दोरा पेंटला लागणार नाही. राहिलेला फोम नंतर निघतो, चरा निघायला वेळ लागतो.

फोम कापला जात असताना हाताला कळतं, दोरा आधी घट्ट जातो आणि मग एकदम लोण्यातून गेल्यासारखा सरकायला लागतो. मधेच अडकला आणि एका ठिकाणी सारखा तिथेच अडकतोय असं झालं तर समजा पिन आहे. जोर लावू नका, पिनेच्या दोन्ही बाजूंनी फोम कापा आणि मग बॅज दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढा, वाकडा केला तर पिन आत तुटून राहते. पिन नसेल तर दोरा गार झालेल्या फोममध्ये रुतलाय, परत एक मिनिट ड्रायर.

शेवटचा कोपरा सुटताना दुसऱ्या हाताने बॅज धरा. हे क्रोमचे बॅज म्हणजे प्लास्टिकवर क्रोमचा पातळ थर, खाली पडले तर चिरतात आणि पडताना बंपरवर टवका पाडतात. जुना बॅज परत लावायचा असेल तर तो वाकवू पण नका, प्लास्टिक वाकतं, क्रोमचा थर नाही वाकत, त्याला चिरा पडतात आणि त्या उचललेल्या कडा ब्लेडसारख्या लागतात.

प्लास्टिकची ट्रिम काढायची पट्टी किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड लोक वापरतात, चालतं, पण कापडात गुंडाळून आणि फक्त फोम अर्धाअधिक कापून झाल्यावर, टेकू म्हणून. सुरुवात त्याने नको.

उरलेला गोंद

बॅज निघाल्यावर खाली जे दिसतं त्याने नवीन माणूस घाबरतो. काळा-करडा फोम, चिकट, कडेने मातीची बारीक रेघ. घाबरू नका, पेंट खाली ठीक असतो. परत थोडं गरम करा आणि अंगठ्याने एका कडेपासून चोळत रोल करा. फोम गोळ्या होऊन निघतो, कधी अख्खी पट्टी निघते आणि ती निघताना इतकं बरं वाटतं की विचारू नका. अंगठा दुखायला लागतो हे खरं, पण अंगठ्यासारखं सुरक्षित हत्यार दुसरं नाही.

जे नाही निघत त्यावर अ‍ॅडेसिव्ह रिमूव्हर कापडावर घेऊन लावा आणि थांबा. थांबा हा शब्द महत्त्वाचा आहे, दोन-तीन मिनिटं त्याला मुरू द्या, लगेच घासायला लागलात तर गोंद फक्त पसरतो. मग हलक्या हाताने पुसा, कापडाची घडी बदलत राहा, परत लावा. बाटलीवर किती वेळ ठेवायचं लिहिलेलं असतं त्याच्यापेक्षा जास्त ठेवू नका, आणि एकदा आत कुठेतरी न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

ड्रिलला लावायचं रबराचं चाक मिळतं, खोडरबरासारखं, ते पत्र्यावरच्या मोठ्या पट्ट्यांसाठी भारी आहे पण तेही गरम होतं. चार अक्षरांसाठी मी ते काढत नाही, बंपरवर आणि रिपेंटवर तर मुळीच नाही.

गोंद गेल्यावर त्या जागी शॅम्पूचं पाणी फिरवून रिमूव्हरचा तेलकटपणा काढून टाका.

जुन्या बॅजची सावली

साफ केल्यावरही उजेडात तिरकं बघितलं तर अक्षरांचे आकार दिसतात. याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एक म्हणजे कडेला वर्षानुवर्षं साचलेली घाण आणि मेणाचा थर, हा क्ले बार (पेंटवर चिकटलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी) आणि पॉलिशने जातो, पूर्ण जातो. दुसरं म्हणजे बॅजच्या खालचा पेंट ऊन न लागल्यामुळे नव्यासारखा राहिलाय आणि बाजूचा उडालाय. इथे तुम्ही सावली घालवत नाही, बाजूच्या उडालेल्या पेंटला वर आणता, म्हणून पॉलिश फक्त अक्षरांवर न मारता आजूबाजूच्या मोठ्या भागावर मारायचं. लाल आणि गडद रंगाच्या जुन्या गाड्यांवर हा फरक जास्त दिसतो आणि कधीकधी थोडा राहतोच. अशा गाडीवर जुन्यापेक्षा लहान बॅज लावायचा बेत असेल तर आधी विचार करा, कारण नव्याच्या भोवती जुन्याची कड दिसेल. त्याच मापाचा किंवा मोठा घेतलेला बरा.

पॉलिश हाताने मारा, थोडं-थोडं. मशिनने एकाच जागी जोर लावला तर क्लिअर कोट पातळ होतो आणि ते परत भरून येत नाही.

नवीन बॅज लावणं

टेप जिथे बसणार त्या जागी वॅक्स, पॉलिशचं तेल, सिरॅमिक कोटिंगचा स्प्रे काही राहता कामा नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ कापडाने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने, आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. बॅज पडले अशी तक्रार येते त्यातली बरीच प्रकरणं इथलीच असतात, टेप चांगली असते पण खाली पॉलिशचा थर असतो.

जुनाच बॅज लावायचा असेल तर त्याच्या पाठीवरचा फोम कोमट पाण्यात भिजवून, अंगठ्याने चोळून काढा, रिमूव्हर अगदी थोडा आणि फक्त पाठीवर. मग नवीन टेप. अक्षराचा आकार बारीक असेल तर बॅज टेपवर ठेवून कटरने कापावं लागतं, टेप कडेपेक्षा १ मिलिमीटर आत ठेवा म्हणजे बाहेरून दिसत नाही. मधे मोकळी जागा न सोडता जेवढी बसेल तेवढी टेप लावा. घरातली भिंतीवर फोटो लावायची पांढरी फोम टेप नको, ती ऊन-पावसात टिकत नाही. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच, त्याची वाफ क्रोमवर पांढरी धूर धरल्यासारखी बसते आणि पुढच्या वेळी बॅज काढताना पेंट घेऊन येते. सिलिकॉन सीलंटपण नको, त्याचा अंश राहिला तर पुढे कधी तो पॅनल पेंट करताना रंगाला खड्डे पडतात.

हवा फार गार नको. या टेपसाठी २१ ते ३८ अंश हे चांगलं तापमान, १० अंशांच्या खाली तर लावूच नका. गार दिवस असेल तर ड्रायरने पत्रा आणि बॅज दोन्ही कोमट करून घ्या. भर उन्हात तापलेला पत्रा पण नको.

आता आधीच्या खुणांवरून आडवी पट्टी परत लावा आणि टेपचा कागद न काढता बॅज नुसता ठेवून बघा. तीन-चार पावलं मागे जा, बघा. दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, डिकीची खालची कड सरळ असेलच असं नाही, ती मधे फुगीर असते, त्यामुळे बॅज नंबर प्लेटच्या वरच्या रेषेशी किंवा दोन्ही दिव्यांना जोडणाऱ्या रेषेशी जुळवलेला डोळ्याला सरळ दिसतो. जागा नक्की झाली की बॅजच्या वरच्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा अर्धा बॅजवर आणि अर्धा पत्र्यावर असा लावा, बिजागरीसारखा. मग बॅज वर उचला, मागचा कागद काढा आणि खाली सोडा, तो त्याच जागी येतो. सुट्या अक्षरांसाठी नवीन बॅजबरोबर वरून एक पारदर्शक फिल्म येते, ती अक्षरं आणि अंतर धरून ठेवते, तिला शेवटपर्यंत काढू नका.

टेकला की संपलं, परत उचलायचा प्रयत्न करू नका, उचलून लावलेली टेप अर्धीच धरते. म्हणून हाताने हवेत अंदाज घेऊन लावण्यापेक्षा बिजागरीवर दोन मिनिटं घालवा.

मग दाबा. ही टेप दाबाने धरते, नुसती टेकवून नाही. चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब हवा, म्हणजे १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद बॅजला २० किलो. तेवढं एकदम लावता येत नाही म्हणून कापड ठेवून अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाग-भाग करत दाबत जा, प्रत्येक जागी दहा-पंधरा सेकंद, टोकं आणि कोपरे दोनदा. दुसऱ्या हाताने शक्य असेल तर पत्रा आतून धरा, पातळ पत्र्यावर एवढा जोर लागला तर पोचा पडू शकतो.

एक अडचण अशी येते की पॅनल गोलसर असतो आणि बाजारातला बॅज सपाट. तसाच दाबला तर आज बसतो आणि आठवड्यात टोकं उचलली जातात. बॅज गरम करून हलकाच पॅनलच्या गोलाईला जुळवा, क्रोमचा असेल तर फार नाही, आणि जुळतच नसेल तर तो बॅज त्या जागेचा नाहीच. खरखरीत काळ्या, पेंट न केलेल्या प्लास्टिकवर ही टेप तशीच धरत नाही, तिथे आधी अ‍ॅडेशन प्रमोटर (टेपची पकड वाढवणारं द्रव) लावावा लागतो, फक्त टेपच्या जागेपुरता, पेंटवर सांडला तर डाग पडतो.

टेपची पकड हळूहळू वाढते, साधारण खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. तोपर्यंत धुणं नाही, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही, आणि पाऊस असेल तर गाडी आडोशाला ठेवा. तीन दिवसांनी प्रत्येक टोकाखाली नखाची कड हळूच फिरवून बघा. कुठे नख आत जातंय असं वाटलं तर तो भाग परत कोमट करून दाबा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच उचललेलं दिसलं तर बॅज काढून, पाठ साफ करून नवीन टेपने लावा. नुसता दाबत बसू नका, धुताना तो कधीतरी गळून पडेल आणि कुठे पडला ते कळणारही नाही.